जवस : खलबत्त्यातून ताटात

(छत्रपती संभाजीनगर येथे प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामस्तरावरील कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मला कोणत्याही ग्रंथातून सुचलेला नाही. तो आमच्या घरच्या स्वयंपाकघरातून आला. काही महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीने सिडकोतील एका मोठ्या दुकानातून एक चकचकीत पाकीट आणले. त्यावर ‘फ्लॅक्स सीड्स’ असे छापलेले होते आणि हे बी हृदयाला हितकारक असल्याची ग्वाही खाली दिलेली होती. त्या वेळी गावाहून माझी आई आलेली होती. तिने त्यातील चार दाणे तळहातावर घेतले, बोटाने चोळले आणि ती म्हणाली, “अगं, हे तर आपलं जवस!” काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याचा अर्थ त्या दिवशी मला नव्याने उमगला.

मी वैद्य नव्हे आणि कृषितज्ज्ञही नव्हे. कलाशाखेचा पदवीधर असलेला मी एक माहिती अधिकारी आहे. जाणकारांनी सिद्ध केलेली गोष्ट सोप्या शब्दांत लोकांपर्यंत पोहोचवावी आणि जी सिद्ध झालेली नाही तिचा डांगोरा पिटू नये, एवढेच माझे काम. त्याच मर्यादेत राहून मी आज जवसाविषयी बोलणार आहे.

नावातच उपयोग

जवसाचे शास्त्रीय नाव लिनम युसिटॅटिसिमम असे आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली हे नाव रूढ केले. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘अत्यंत उपयुक्त’ असा होतो. आपल्याकडे मात्र या वनस्पतीचा परिचय त्याहून कितीतरी जुना आहे. संस्कृतात तिला अतसी, उमा, क्षुमा अशी नावे आहेत. क्षुमेच्या धाग्यापासून विणलेले वस्त्र ते क्षौम. अतसीचे फूल निळे असते आणि श्रीकृष्णाच्या वर्णाला स्तोत्रकारांनी त्याच फुलाची उपमा दिलेली आहे. याच वनस्पतीच्या उंच वाढणाऱ्या वाणांपासून थंड देशांत तागे विणले गेले. आपल्या कोरडवाहू जमिनीत मात्र तिचे आखूड, फांद्या फुटणारे आणि भरपूर बोंडे धरणारे रूप स्थिरावले. आपण जवस पेरतो ते बियांसाठी.

आयुर्वेदाच्या निघंटुकारांनी अतसीला स्निग्ध, जड आणि उष्ण म्हटले आहे. तिचे गुण सांगताना तिच्या दोषांचीही नोंद करण्यास ते विसरले नाहीत. हा तोल आजच्या जाहिरातींनी घेण्यासारखा आहे.

चटणीचे शास्त्र

मराठवाड्याच्या ताटात जवस प्रामुख्याने येते ते कोरड्या चटणीच्या रूपाने. ज्वारीची भाकरी, कांदा, जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि तिच्यावर करडईच्या तेलाची धार, हे शेतात जाणाऱ्या माणसाचे जेवण होते. चटणीची कृती आपणा सर्वांस ठाऊक आहे. जवस निवडून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, थंड होऊ द्यायचे, लसूण, सुकी मिरची, जिरे व मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. चटणी आठ-दहा दिवस पुरेल एवढीच करायची आणि संपली की पुन्हा कुटायची.

या साध्या कृतीत तीन गोष्टी आहेत, त्या म्हणजे भाजणे, कुटणे आणि थोडे करणे. या तिन्ही गोष्टींचे मर्म आधुनिक आहारशास्त्राच्या साहाय्याने आता उलगडून सांगता येते. म्हणूनच जवसाचा गुण केवळ बियांत नसून ते ताटात आणण्याच्या रीतीत आहे, हे मला आज आपल्यापुढे आग्रहाने मांडावयाचे आहे.

प्रथम कुटण्याविषयी. जवसाच्या दाण्याचे टरफल गुळगुळीत व टणक असते. अख्खा दाणा पुष्कळदा चावला जात नाही आणि जसा गिळला तसाच शरीराबाहेर पडतो. असे अख्खे दाणे पाण्याबरोबर गिळणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांना त्यातील स्निग्धांशाचा लाभ फारच थोडा होतो. दाणा फुटला पाहिजे आणि ते काम खलबत्ता करतो.

दुसरी गोष्ट भाजण्याची. कच्च्या जवसात सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. प्रौढ माणसाने चमचाभर जवस खाल्ल्याने अपाय होत नाही. परंतु कच्चे जवस वाटीवाटीने खाणे शहाणपणाचे नाही. भाजल्याने ही द्रव्ये बऱ्याच अंशी कमी होतात आणि खमंगपणा येतो तो वेगळाच.

तिसरी गोष्ट थोडे करण्याची. जवसातील तेल हवेशी लवकर संयोग पावते. अख्ख्या दाण्यात ते टरफलाच्या आड सुरक्षित असते. कुटल्यानंतर मात्र काही दिवसांतच खवट होऊ लागते. त्यामुळे महिनोन् महिने टिकवलेल्या जवसाच्या पिठापेक्षा आठवड्याला ताजी कुटलेली चटणी केव्हाही श्रेष्ठ. आपल्या आजीला हे रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण खवट वास तिला निश्चित कळत होता.

दाण्याच्या पोटात

शंभर ग्रॅम जवसात सुमारे ३५ ते ४० ग्रॅम स्निग्धांश, १८ ते २० ग्रॅम प्रथिने आणि २५ ग्रॅमहून अधिक तंतुमय पदार्थ असतात. त्याच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल शरीराला आवश्यक आहे आणि ते शरीरात तयार होत नाही, आहारातूनच घ्यावे लागते. आपल्याकडे घरोघरी वापरात असलेल्या शेंगदाणा, करडई व सूर्यफूल या तेलांत ते जवळजवळ नसते. सात ग्रॅम कुटलेले जवस, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, घेतल्यास सुमारे दीड ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल मिळते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण एवढीच असते. मासळी न खाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. अर्थात, मासळीतून जी ओमेगा-३ द्रव्ये तयार स्वरूपात मिळतात, ती जवसातील आम्लापासून शरीर अल्प प्रमाणातच बनवू शकते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

याखेरीज जवसातील काही तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात. मलावरोध कमी करण्यास त्यांचे साहाय्य होते. लिग्नान नावाची वनस्पतिजन्य द्रव्येही जवसात इतर कोणत्याही नित्याच्या अन्नापेक्षा अधिक आढळतात.

प्रयोग काय सांगतात

रक्तातील कोलेस्टेरॉलवर जवसाचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी झालेल्या २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. जवस घेणाऱ्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये माफक घट झाल्याचे त्यात आढळले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही घट संपूर्ण जवस घेतल्याने दिसली, नुसते तेल घेतल्याने दिसली नाही.

२०१३ साली कॅनडातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांचा तिच्यात समावेश होता. त्यांतील एका गटाला सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस खाद्यपदार्थांतून देण्यात आले. त्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी सुमारे १० अंकांनी व खालचा सुमारे ७ अंकांनी कमी राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले होते. त्या पार्श्वभूमीवर हा निष्कर्ष उत्साहवर्धक वाटेल. परंतु ते लोक आधीच रुग्ण होते, त्यांची औषधे सुरूच होती आणि ३० ग्रॅम हे प्रमाण आपल्या चटणीच्या चमच्यापेक्षा चौपट आहे. तेव्हा जवस हे आहाराला पूरक ठरेल, पण ते औषधाची जागा घेऊ शकणार नाही.

सावधगिरीच्या चार गोष्टी

या ठिकाणी मी जरा थांबणार आहे. कारण गावात आपला शब्द मानला जातो. शिक्षकाने किंवा सरपंचाने सांगितलेली गोष्ट लोक पडताळून न पाहता आचरणात आणतात.

पहिली गोष्ट, जवस सुरू केले म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी कोणीही बंद करू नये. रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी रोज जवस घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषधाची गोळी आणि जवस एकाच वेळी घेऊ नयेत, कारण तंतूंमुळे औषध शोषले जाण्यात अडथळा येऊ शकतो.

दुसरी गोष्ट, जवसाबरोबर पाणी भरपूर प्यावे. पाण्यावाचून अधिक जवस खाल्ल्यास मलावरोध कमी होण्याऐवजी वाढतो.

तिसरी गोष्ट, रंगाच्या दुकानात मिळणारे, लाकडाला किंवा क्रिकेटच्या बॅटला लावावयाचे जवसाचे तेल चुकूनही पोटात घेऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात पुष्कळदा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तसेच, भाजलेल्या जागी चुन्याची निवळी व जवसाचे तेल लावण्याची जुनी चाल आता सोडून दिली पाहिजे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे आणि रुग्णाला दवाखान्यात न्यावे. परंपरेतील काय ठेवावे आणि काय सोडावे, हे ठरविण्याचा विवेक म्हणजेच परंपरेचा आदर होय.

चौथी गोष्ट मिठाची. दिवसभरात एका माणसाने एकूण ५ ग्रॅमहून अधिक मीठ खाऊ नये, असे आहारतज्ज्ञ सांगतात. रक्तदाबासाठी चटणी करावी आणि तिच्यात मूठभर मीठ घालावे, हा व्यवहार उलटा झाला. लसूण व जिरे वाढवून मीठ कमी केले तरी चव जात नाही.

शेतातून का हरवले?

जवस ताटातून गेले त्याआधी ते शेतातून गेले. पूर्वी रब्बीत हरभरा व करडईच्या जोडीने जवसाच्या ओळी असत. पुढे सोयाबीन आले, कपाशीचे क्षेत्र वाढले आणि सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात मका पसरला. पैसा देणारे पीक शेतकऱ्याने निवडले यात त्याचा दोष नाही. जवसाचे उत्पादन कमी, गादमाशीचा उपद्रव आणि बाजाराची शाश्वती नाही. अशा पिकाला केवळ भावनेपोटी कोण धरून ठेवणार?

तथापि परिस्थितीची दुसरी बाजूही आहे. जवस थोड्या ओलाव्यावर येते. ऑक्टोबरमध्ये पेरले तर साडेतीन महिन्यांच्या आत-बाहेर काढणीला येते. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने एलएसएल-९३ हे वाण विकसित केलेले आहे. नागपूरकडील एनएल-९७ व एनएल-२६० ही वाणेही परिचित आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आणि आपल्या पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्राकडे याविषयी मार्गदर्शन मिळू शकते. संपूर्ण शेत जवसाखाली आणावे असे मी म्हणत नाही. घरच्या वर्षभराच्या चटणीपुरत्या चार ओळी हरभऱ्यात टाकाव्यात, एवढेच सुचवितो.

आपण काय करू शकतो

शिक्षक बंधुभगिनींनो, अनेक शाळांतून परसबागा फुलल्या आहेत. या रब्बीत त्यातील एक वाफा जवसाला द्या. जवसाचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळतात. ते पाहण्यासाठी मुलांना सकाळीच बागेत न्यावे लागेल. त्या एका वाफ्यात विज्ञानाचा, भूगोलाचा आणि भाषेचाही पाठ आहे. पाकिटावर ‘फ्लॅक्स सीड्स’ छापलेले असले तरी आत जवस आहे, हे मग त्या मुलांना सांगावे लागणार नाही.

पंचायत सदस्यहो, आपल्या गावातील बचत गट चटण्या करीत असतील तर त्यांना तीन सूचना जरूर द्या. चटणी थोडी व ताजी करावी, पाकिटावर तयार केल्याचा दिनांक लिहावा आणि अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. शहरातला ग्राहक आज जवस शोधतो आहे. ते त्याला जाधववाडीच्या बाजारातून न्यावयाचे की तुमच्या गावच्या महिलांकडून, हे तुमच्या संघटनेवर अवलंबून आहे.

ते पाकीट आमच्या घरी पुढे फार दिवस टिकले नाही. आईने दुसऱ्याच दिवशी तवा ठेवला, जवस भाजले आणि माळ्यावरचा खलबत्ता खाली काढायला लावला. सायंकाळी कार्यालयातून परतलो तेव्हा जिन्यातच लसणाचा आणि भाजलेल्या जवसाचा वास आला. माझ्या मुलीने ती चटणी तोपर्यंत कधी चाखलेली नव्हती. तिने भाकरीबरोबर ती दोनदा मागून घेतली.

बी आपले आहे, रीतही आपलीच आहे. मध्यंतरी हरवली होती ती ओळख. ती पुन्हा करून देण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.