निकाहनाम्यात दुरुस्ती होऊ शकते

(अजिंठा येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळच्या चर्चेत एका भगिनीने साधा प्रश्न विचारला. तिचा निकाह झाला तेव्हा मेहरची रक्कम सातशे शहाऐंशी रुपये ठरली. आज तिची मुले कर्ती झाली आहेत, घरची कपाशी आणि मिरची तिच्याही कष्टावर उभी आहे. ती रक्कम आता वाढवून घेता येईल का, एवढेच तिला हवे होते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा धर्माचा विषय समजून मौन पाळले. माझ्या मते हा प्रश्न कराराचा आणि संपत्तीच्या न्याय्य वाटणीचा आहे आणि म्हणूनच तो समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

त्या भगिनीला प्रथम उत्तर देतो. होय, वाढवता येते. मुस्लिम कायद्यात विवाह हा करार आहे आणि मेहर हे पतीवरचे ऋण आहे. ते निकाहापूर्वी ठरवता येते, निकाहाच्या वेळी ठरवता येते आणि संसार चालू असताना पतीला ते केव्हाही वाढवता येते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांबाबत १९८६ साली जो कायदा झाला, त्यावर आपण कठोर टीका केली आणि ती योग्यच होती. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात विवाहाच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही ठरलेली मेहर, असा स्पष्ट उल्लेख आहे. एवढेच नव्हे, तर पतीने दुसरे लग्न केल्यास किंवा पोटगी न दिल्यास पत्नीला स्वतःहून तलाक घेता यावा, असा अधिकार पती तिला लेखी देऊ शकतो. हा करारही विवाहानंतर करता येतो आणि त्यातील अटी वाजवी असतील तर न्यायालये तो मानतात.

अशी दुरुस्ती कशासाठी हवी? आपण पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातली माणसे आहोत. इथल्या थोरांना हाली सिक्का आणि कलदार यांतला फरक आठवत असेल. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार मिळत. हाली सिक्का चलनातून गेला, निजामी गेली, पण त्या काळी कागदावर लिहिलेला आकडा कागदावरच राहिला. शाहबानोचा विवाह १९३२ सालचा. पतीने तिला १९७५ साली घराबाहेर काढले आणि १९७८ साली तलाक दिला. त्या वेळी त्याने मेहरपोटी तीन हजार रुपये न्यायालयात भरले आणि आपली जबाबदारी संपली असे सांगितले. तो स्वतः वकील होता. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचा हिशोब तीन हजारांत मिटवू पाहणारा माणूस अडाणी नव्हता, हे आपण विसरू नये. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पुढे काय घडले ते आपण जाणता. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेखालीही पोटगी मागता येते, असे पुन्हा स्पष्ट केले. परंतु पोटगी वेगळी आणि मेहर वेगळी. पोटगी गरजेपोटी मागावी लागते, मेहर ही हक्काची थकबाकी आहे.

मित्रहो, करारात दुरुस्ती होत नाही असेही नाही. ती रोज होते, पण उलट्या दिशेने. खुला मागणाऱ्या स्त्रीकडून मेहर सोडवून घेतली जाते. पतीचा जनाजा उठण्यापूर्वी शोकाने भान हरपलेल्या विधवेला चार जणींत बसवून ‘मेहर माफ कर’ म्हटले जाते आणि ती मान हलवते. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० सालीच सांगितले आहे की, अशा दुःखाच्या क्षणी घेतलेली माफी स्त्रीवर बंधनकारक नाही. शंभर वर्षे उलटून गेली, हा निकाल आपण किती घरांत पोहोचवला?

येथे हिंदू घरांतून आलेल्या साथींना दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुस्लिम स्त्रीची कीव करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या हाती निदान एक करार आहे. हिंदू विवाह हा संस्कार मानला गेला आणि १९०१ साली एका खटल्यात, विवाहापूर्वी पतीने पत्नीच्या माहेरीच राहण्याविषयी केलेला करार न्यायालयाने निरर्थक ठरवला. जोतीरावांनी मात्र विवाहाकडे परस्परांच्या वचनाच्या दृष्टीने पाहिले. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीने लागलेल्या पहिल्या विवाहापासून वधूवरांनी एकमेकांना शब्द देण्याची प्रथा त्यांनी घातली. ते वचन आपण गौरवग्रंथात ठेवले, सात-बाऱ्यावर आणले नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. शरद जोशींच्या अर्थविचाराशी आपले मतभेद सर्वश्रुत आहेत. पण लग्नानंतर लग्नाच्या अटी बदलण्याचे हे काम त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, या विषयात पडलो तर मुस्लिमद्वेष्ट्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, तेव्हाही हेच म्हटले गेले. ते राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले, आपल्याच चळवळीतले होते आणि तरीही आपल्यातील अनेकांनी त्यांना एकटे सोडले. आपण गप्प राहिल्याने द्वेष थांबला नाही. स्त्रियांच्या दुःखाचे भांडवल मात्र द्वेष करणाऱ्यांच्या हाती गेले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुरुस्तीला पतीची संमती लागते. ज्याच्या हाती सत्ता आहे तो ती का देईल? हे खरे आहे आणि म्हणून केवळ करारावर विसंबणे हा समाजवाद नव्हे. गोव्याकडे पाहा. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आजही चालू आहे. विवाहापूर्वी दस्त करून वेगळी व्यवस्था ठरवता येते. पण एकदा लग्न लागले की तो करार बदलता येत नाही. असा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक होते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. म्हणजे तेथे स्त्रीचा वाटा पतीच्या औदार्यावर सोडलेला नाही. संसारात मिळवलेल्या मालमत्तेत पत्नीचा निम्मा हक्क, मग ती कोणत्याही धर्माची असो, ही आपली मागणी असली पाहिजे. मात्र तो कायदा होईपर्यंत या गावातल्या बाईने थांबावे, असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

तेव्हा काय करायचे? करार लेखी करावा, त्यावर पतीची व दोन साक्षीदारांची सही असावी आणि एक प्रत पत्नीच्या हाती राहावी. जुनी मेहर माफ केल्याचे वाक्य त्यात कोणी घुसडलेले नाही ना, हे वाचून पाहावे. रक्कम रुपयांत न लिहिता सोन्याच्या वजनात लिहिली तर महागाई तिला खात नाही. मेहरपोटी शेत किंवा घर द्यायचे असेल तर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवून फेरफार करून घ्यावा. तोंडी शब्दावर राहू नये. हे सारे गावच्या काझींना आणि वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन करावे. बहुतेक ठिकाणी ते विरोध करणार नाहीत, कारण पत्नीची मेहर बुडवणे हे त्यांच्याही दृष्टीने पापच आहे.

अजिंठ्याची लेणी पाहायला जग येते. त्याच अजिंठ्यातल्या बाईच्या पेटीतला निकाहनामा वाचायला आजवर कोणी आलेले नाही. ते काम आपण अंगावर घेऊ. पण त्याआधी प्रत्येक साथीने आपल्या घरचा उतारा काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. ज्याच्या पत्नीचे नाव त्यावर नाही, त्याने पुढच्या शिबिराला येण्यापूर्वी तलाठ्याकडे जावे आणि मगच दुसऱ्याच्या दारी जावे. सकाळी प्रश्न विचारणाऱ्या त्या भगिनीला आपण एवढे तरी उत्तर देणे लागतो.