पेटीतला अनोळखी खडा

खनिज आधी जमिनीत सापडतं आणि मग त्याला पैलू पाडतात. टाफाइटचं नेमकं उलटं झालं. १९४५ मध्ये डब्लिनच्या रिचर्ड टाफ या रत्नपारख्याने एका जवाहिऱ्याकडून जुन्या खड्यांची पेटी घेतली. त्यातला फिकट जांभळा, जेमतेम दीड कॅरटचा खडा स्पिनेल म्हणूनच खपला असता. पण भिंगातून पाहताना मागच्या पैलूंच्या कडा किंचित दुहेरी दिसल्या. स्पिनेलमध्ये प्रकाशकिरण दुभंगत नाही. मग हे काय? खडा लंडनच्या प्रयोगशाळेत गेला. बेरिलियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं हे ऑक्साइड अगदी नवं ठरलं. १९५१ मध्ये त्याला टाफचंच नाव मिळालं.

कडकपणा आठच्या वर, म्हणजे अंगठीत सहज टिकेल. रूप मात्र, खरं सांगायचं तर, बेताचंच. संग्राहक पैसे मोजतो ते दुर्मिळतेचे. पुढे श्रीलंकेतून आणखी खडे आले, त्यांतले काही स्पिनेलच्या नावानेच वावरत होते. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, प्रयोगशाळेचा दाखला मागा. आणि घरात जुना जांभळा स्पिनेल असेल, तर तो एकदा जाणकाराच्या भिंगाखाली जाऊ द्या.