राखीव सैनिकाच्या पाठीशी कायदा उभा करताना

राखीव सैनिक एकाच वर्षात दोन कायद्यांखाली जगतो. वर्षातला बराचसा काळ तो कारखान्यातला कामगार, बँकेतला कारकून, शिक्षक किंवा शेतकरी असतो; त्याला दिवाणी-फौजदारी न्यायालये, कामगार कायदे आणि तलाठ्याचे दप्तर लागू असते. वार्षिक प्रशिक्षणाचे साधारण दोन महिने, आणि बोलावणे आले तर त्याहून कितीतरी अधिक काळ, तो गणवेशात असतो. तेव्हा त्याच्यावर सेना अधिनियम १९५० चालतो. भारतात अशा सैनिकांचे मुख्य दल म्हणजे प्रादेशिक सेना, जिला सगळे टेरिटोरियल आर्मी म्हणूनच ओळखतात. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मराठी मुलुखात पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रादेशिक बटालियन आहेत. छत्रपती संभाजीनगरची १३६ ही महार रेजिमेंटची पर्यावरण बटालियन मराठवाड्यात झाडे लावण्याचे आणि जगवण्याचे काम करते.

या दलातल्या अधिकाऱ्याला सेना अधिनियम तो कर्तव्यावर असताना लागू होतो. जवानाला तो लागू होतो ते त्याला बोलावल्यावर, प्रत्यक्ष सेवेत घेतल्यावर किंवा नियमित सेनेला जोडल्यावर. म्हणजे प्रत्येक माणसाबाबत कोणत्या तारखेला कोणता कायदा, याचा हिशेब ठेवावा लागतो. ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियमांतल्या नियम ३३ नुसार लष्करप्रमुखांना या दलातील अधिकारी व जवान बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ पायदळ बटालियन प्रत्यक्ष सेवेत घेण्यास मान्यता दिली, तेव्हा हा हिशेब किती घरांपर्यंत जातो हे दिसले. बोलावणे काही दिवसांत येते, पण माणसाचा भाडेकरार, कर्जाचा हप्ता, भावकीतला वाद आणि न्यायालयातली तारीख त्याच्याबरोबर छावणीत जात नाहीत. हे सगळे घरी राहते आणि घरच्यांना निस्तरावे लागते.

या विषयासाठी बारडोलीत जमलेल्या वकिलांचे, माजी सैनिकांचे, सैनिक कल्याणाचे काम करणाऱ्यांचे आणि सुरतेपासून जळगावपर्यंतच्या मराठी मंडळींचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत आहे. लष्करी कायद्याच्या परिषदेसाठी हे गाव अनपेक्षित वाटेल, पण त्याचा या विषयाशी असलेला संबंध जुना आहे. १९२८ च्या इथल्या सत्याग्रहानंतर शेतसाऱ्याच्या वाढीची चौकशी ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांकडे गेली. तिथे शेतकऱ्यांच्या वतीने कायद्याची बाजू मांडणाऱ्यांत वलसाडचे भुलाभाई देसाई होते. महसूल खात्याने ज्या खंडपट्ट्यांच्या आकड्यांवर वाढ बसवली होती, ते आकडे गावोगाव तपासल्यावर टिकले नाहीत आणि २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. त्याच भुलाभाईंनी १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांचा बचाव केला. ते कोर्ट मार्शल होते. मेजर जनरल ब्लॅक्सलंड अध्यक्ष होते आणि न्यायमंडळाला कायदा समजावून सांगायला जज ॲडव्होकेट म्हणून कर्नल केरिन बसले होते. जन्मठेपेची शिक्षा झाली, पण सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती ३ जानेवारी १९४६ रोजी माफ केली. शेतसाऱ्याच्या चौकशीतला मुलकी वकील लष्करी न्यायासनापुढे त्याच तयारीने उभा राहू शकतो, हे भुलाभाईंनी दाखवून दिले. राखीव दलाची विधी व्यवस्था उभी राहणार आहे ती अशाच वकिलांच्या बळावर.

कायद्याने राखीव सैनिकाला दिलेले संरक्षण थोडके नाही. प्रादेशिक सेना कायद्याचे कलम ७-अ सांगते की सेवेसाठी गेलेल्या माणसाला परतल्यावर मालकाने पुन्हा कामावर घ्यावे. मालकाने नकार दिला तर विहित प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तो पुनर्नियुक्तीचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. कलम ७-ब भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क अखंड ठेवते. सेना अधिनियमात पगाराला जप्तीपासून आणि सैनिकाला कर्जापोटी होणाऱ्या अटकेपासून जे संरक्षण आहे, ते कलम ३१ ने भारतीय राखीव दलातल्या माणसालाही, बोलावल्यापासून परतेपर्यंत, दिले आहे. कलम ३२ प्रमाणे रजेचा दाखला घेऊन आलेल्या सैनिकाचा दावा न्यायालयाने शक्यतो त्या रजेतच निकाली काढायचा असतो. रजा मिळत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ खाली तो दुसऱ्या कुणाला आपल्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार देऊ शकतो.

सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरलेला कायदा आहे तो १९२५ चा भारतीय सैनिक (दावे) अधिनियम. युद्धपरिस्थितीत किंवा त्या कायद्याने सांगितलेल्या खास परिस्थितीत सैनिक कामावर असेल आणि त्याच्या गैरहजेरीत दावा चालू असेल, तर जिल्हाधिकारी स्वतःहून न्यायालयाला तसे कळवू शकतो. मग न्यायालय कामकाज थांबवून लष्करी प्राधिकाऱ्याला विचारते आणि त्याचा दाखला आला की दावा पुढे ढकलते. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करून घेण्याची वाट आहे आणि अशा सेवेचा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला जातो. ज्या तालुक्याने एकेकाळी जिल्हाधिकाऱ्याच्या जप्तीच्या नोटिसा झेलल्या, तिथे हा अधिकार मोठ्याने वाचावा असा आहे. पण जिल्हाधिकाऱ्याला कळणार कसे, की आपल्या जिल्ह्यातला अमुक माणूस आज सीमेवर आहे आणि अमुक न्यायालयात त्याची तारीख आहे? ते त्याला सांगणे हे कुणाच्याच नेमून दिलेल्या कामात येत नाही.

खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरतेकडे आलेल्या माणसाचे उदाहरण घ्यावे. तो उधन्याला यंत्रमागावर काम करतो, गाव शहादा किंवा अमळनेरकडे, आणि नाव प्रादेशिक सेनेत. त्याला बोलावणे येते. आठ महिन्यांनी परततो तर त्याच्या मागावर दुसरा माणूस बसलेला. कलम ७-अ त्याच्या बाजूचे आहे, पण बोलावण्याआधी तो त्या मालकाकडे कामाला होता हे त्याला दाखवावे लागते, आणि त्याच्याजवळ ना नेमणूकपत्र, ना पगारपत्रक. हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार रोख. ऊसतोडीला बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे येणाऱ्या टोळीतल्या तरुणाची अवस्था याहून बिकट, कारण त्याचा खरा मालक कोण हाच आधी वाद. शेतकऱ्याला तर मालकच नाही. त्याच्यासाठी हे कलम कोरेच राहते. अशा माणसाला परतल्यावर भेटणारा वकील फार उशिरा भेटलेला असतो. त्याला वकील हवा तो निघण्यापूर्वी, म्हणजे मुकादमाच्या वहीतल्या पानाची छायाप्रत, मालकाची सही असलेली एक ओळ, बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र, आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र हे सगळे आधीच तयार होईल.

हे काम आज कुणाकडे आहे? लष्कराची स्वतःची विधी शाखा, म्हणजे जज ॲडव्होकेट जनरलचा विभाग, अतिशय कसलेली आहे. तिचे अधिकारी कायद्याचे पदवीधर असतात आणि नागपूरजवळच्या कामठीत लष्करी कायद्याची संस्था आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्शनूर कौर प्रकरणात या शाखेतल्या भरतीत पुरुषांसाठी वेगळ्या जास्त जागा ठेवण्याची पद्धत रद्द केली आणि समान गुणवत्तायादीचा मार्ग मोकळा केला. पण या शाखेचा अधिकारी सल्ला देतो तो सेनापतीला. जनरल कोर्ट मार्शलला जज ॲडव्होकेट असावाच लागतो, पण तो न्यायमंडळाला कायदा सांगतो, मत देत नाही आणि आरोपीची वकिलीही करत नाही. मालकाविरुद्ध किंवा बँकेविरुद्ध उभे राहणे हे त्याचे कामच नाही. दुसऱ्या बाजूला जिल्हा सैनिक कार्यालये आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, श्रीनगरमध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आणि सैनिक मंडळांत विधी सेवा केंद्रे उघडण्याचे ठरवले. ही मोलाची सुरुवात आहे. सेवाविषयक तक्रार किंवा कोर्ट मार्शलविरुद्धचे अपील मात्र २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडेच जाते. गुजरात, महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे, म्हणजे बारडोलीच्या माणसाला तिथवर जावे लागते.

अमेरिकेत नियमित सैन्याच्या जोडीला वकिलांचेही राखीव दल आहे. एरवी खाजगी वकिली किंवा सरकारी नोकरी करणारे हे वकील ठरावीक दिवस गणवेशात काम करतात आणि तैनाती निघाली की सैनिकांची मृत्युपत्रे, मुखत्यारपत्रे आणि नोकरीचे प्रश्न मार्गी लावतात. १९९४ चा पुनर्नियुक्ती कायदा आणि २००३ चा सैनिकांच्या दिवाणी संरक्षणाचा कायदा ही त्यांची रोजची हत्यारे. भारतात प्रादेशिक सेनेने रेल्वे आणि तेल उद्योगातल्या तंत्रज्ञांच्या तुकड्या बांधल्या, अलीकडे चिनी भाषेचे जाणकारही घेतले. मग वकिलांचे पथक का नको, हा प्रश्न या परिषदेने गांभीर्याने घ्यावा असा आहे.

असे पथक चालवणे हे मुख्यतः प्रशासनाचे काम आहे, आणि तिथेच ते फसते किंवा तरते. प्रमुखाला सगळ्यांत आधी लागते ती यादी: कोणत्या तालुक्यात किती राखीव सैनिक, कोण कुठे नोकरीला, कुणाचा कोणता दावा कुठे. ही यादी शांततेच्या काळात, वार्षिक प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, प्रत्येकाकडून एक पानी तपशील भरून घेत अद्ययावत व्हावी. वकील निवडताना वयापेक्षा स्थानिक न्यायालयातला वावर पाहावा. इथे मराठी, गुजराती आणि अहिराणी तिन्ही बोलणारा वकील सोन्यासारखा. हितसंबंधांची तपासणी काटेकोर हवी. ज्या वकिलाकडे एखाद्या कारखान्याचे काम आहे, त्याने त्या कारखान्यातल्या सैनिकाचा कागद हातात घेऊ नये. बार कौन्सिलचा नियम पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करू देत नाही, म्हणून पथकातला वकील स्वतःच दीर्घकाळ सेवेत घेतला गेला तर त्याची सुरू असलेली वकीलपत्रे कुणाकडे जातील हेही आधी लिहून ठेवले पाहिजे. कामठीच्या संस्थेत दरवर्षी छोटा अभ्यासक्रम झाला तर मुलकी वकिलाला लष्करी शिस्तीची आणि लष्करी अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयाच्या संथ चालीची ओळख होईल.

सर्वांत नाजूक भाग आज्ञेच्या साखळीचा. पथकाचा प्रमुख बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरच्या हाताखाली असेल, तर त्याच ऑफिसरविरुद्ध तक्रार घेऊन येणारा जवान तोंड उघडणार नाही. १९८२ मध्ये पृथीपालसिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलवर अपिलाची सोय नसल्याची खंत व्यक्त केली होती. न्यायाधिकरणाचा कायदा यायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. राखीव दलाची विधी व्यवस्था पहिल्या दिवसापासून वेगळ्या ओळीत ठेवावी. शिस्त आणि प्रशिक्षण लष्कराकडे, अशिलाविषयीची गोपनीयता आणि सल्ला मात्र पूर्णपणे वकिलाकडे. प्रमुखाच्या कामाचे मोजमापही किती शिबिरे भरवली यावर होऊ नये. एकतर्फी हुकूमनामे किती टळले, किती जण परत कामावर लागले, जिल्हाधिकाऱ्यामार्फत न्यायालयाला किती सूचना गेल्या, हे पाहावे.

प्रयोगासाठी सुरत, नंदुरबार, धुळे आणि जळगाव हा पट्टा योग्य ठरेल. एकच लोहमार्ग या जिल्ह्यांना जोडतो, माणसे एका टोकाला राहतात आणि दुसऱ्या टोकाला कमावतात, त्यामुळे दावा एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात ही गुंतागुंत इथे रोजची आहे. चारही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी आणि सैनिक कार्यालयांनी एक सामायिक नोंदवही ठेवावी, प्रत्येक तालुका न्यायालयात एक वकील नेमावा आणि बोलावण्याचा आदेश निघाला की त्या वकिलाने सैनिकाच्या घरी जाऊन कागद पुरे करावेत. सेवा संपल्यावर हाच वकील त्याच्याबरोबर मालकाकडे जाईल, पुनर्नियुक्तीचा अर्ज देईल, नकार आल्यास विहित प्राधिकाऱ्यापुढे उभा राहील आणि माणूस पगारावर रुजू झाल्याची नोंद वहीत करील.