हंडीत काय शिजते आहे?

(कापणीच्या सणानिमित्त कोल्हापूर येथे मंडळीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवात एका कबुलीने करतो. गेल्या नाताळात तुम्ही आदिवासी बांधवांसाठी भांडी जमा केलीत. घाटाखाली कातकरी वाडीवर ती मीच नेली. त्यात सात-आठ नॉनस्टिक तवे होते, काळा थर खरवडून गेलेले. एका मावशीने तवा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "दादा, हा तुमच्याकडं चालत न्हाई, मग आमच्याकडं कसा चालंल?" धर्मशास्त्राचा डिप्लोमा करून मला वीस वर्षे होत आली, पण तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तवे मी परत आणले आणि त्या काळ्या थराविषयी वाचू लागलो.

कार्बन आणि फ्लोरिन या दोन मूलद्रव्यांची गाठ अतिशय घट्ट असते. त्या गाठीवर उभी असलेली हजारो रसायने माणसाने तयार केली. त्यांना एकत्रितपणे 'पीफास' म्हणतात. टेफ्लॉनचा शोध १९३८ साली अमेरिकेत लागला. पुढे पाणी न धरणारे कपडे, तेल न शोषणारे खाद्यपदार्थांचे कागद, आग विझवण्याचा फेस, अशा असंख्य वस्तूंत ही रसायने आली. ऊन, पाऊस, माती यांनी ती सहजासहजी मोडत नाहीत, म्हणून त्यांना 'कायमची रसायने' हे नाव पडले.

ती आपल्या शरीरात येतात मुख्यतः पाण्यातून आणि अन्नातून. धड असलेल्या तव्यातून फारसे काही येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत सरकारी तपासणीत जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्तात पीफास सापडले. त्यांतले 'पीएफओए' नावाचे रसायन एकदा रक्तात गेले की त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच दोन-तीन वर्षे लागतात. वेस्ट व्हर्जिनियातील एका कारखान्याच्या परिसरात सुमारे ६९,००० लोकांची तपासणी झाली. शास्त्रज्ञांनी या रसायनाचा संबंध मूत्रपिंडाच्या व वृषणाच्या कर्करोगाशी, थायरॉइडच्या विकाराशी, वाढलेल्या कोलेस्टेरॉलशी आणि गरोदरपणातील रक्तदाबाशी जोडला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'पीएफओए' कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये अमेरिकेने त्यासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

आता आपल्या दाराशी येतो. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना ही रसायने बनवत होता. त्या भागातले भूजल दूषित झाले आणि सुमारे साडेतीन लाख लोकांना त्याची झळ पोचली. मुलांच्या रक्ताचे अहवाल हाती आल्यावर तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. आणि त्या कारखान्याची यंत्रे? ती लिलावात लक्ष्मी ऑर्गॅनिक या भारतीय कंपनीने २०१९ मध्ये घेतली आणि जहाजाने आणून रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत बसवली.

कराडवरून कुंभार्ली घाट उतरा, चिपळूण ओलांडा, परशुराम घाट चढा, की लोटे येते. खाली वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी. तिथले कातकरी आणि भोई खेकडे, मासे पकडूनच पोट भरतात. त्या कारखान्याने अमुक गुन्हा केला, असे मी म्हणत नाही. यंत्र तेच असले तरी वापरणारे हात काळजी घेऊ शकतात. पण मावशीचा प्रश्न माझ्या कानातून जात नाही. तिकडे चालले नाही, ते इकडे कसे चालेल? निदान पाणी तपासून तरी कोणी सांगेल का? आणि बंधू-भगिनींनो, हा प्रश्न कंपनीला विचारण्याआधी तो माझ्या टेम्पोतल्या तव्यांनाही लागू होता.

अलीशाची गिलगाल येथील गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. दुष्काळ होता. एकाने नकळत विषारी रानफळे हंडीत चिरून टाकली. त्याचा हेतू वाईट नव्हता, भुकेल्यांचे पोट भरावे एवढेच त्याच्या मनात होते. पण ज्याने घास घेतला तो गप्प राहिला नाही, ओरडला. म्हणून सगळे वाचले. चांगला हेतू पुरेसा नसतो, हंडीत काय आहे ते पाहावे लागते. आणि ओरडणाऱ्याचा राग मानायचा नसतो.

म्हणून आपल्या समितीपुढे चार गोष्टी ठेवतो. यापुढे वाडीवर भांडी द्यायची ती नवी, लोखंडाची किंवा स्टीलची. थोडी दिली तरी चालतील. दुसरे, या सणाच्या दानार्पणातील काही भाग वाड्यांवरच्या विहिरी-झऱ्यांचे पाणी चांगल्या प्रयोगशाळेत तपासण्यासाठी राखून ठेवावा. ही तपासणी साध्या किटने होत नाही, खर्चाची आहे. तिसरे, पाणी उकळल्याने जंतू मरतात, पीफास जात नाही. त्याला कोळशाचा चांगला फिल्टर किंवा आरओ लागतो. जिथे अहवाल वाईट येईल तिथे तो आपण द्यावा. चौथे, आपल्या आरोग्यसेविकांनी कोणत्याही आईला घाबरवू नये. अंगावरचे दूध बाळासाठी आजही सर्वांत चांगले अन्न आहे, ते तोडू नये.

गेल्या महिन्यात मी त्या मावशीकडे पुन्हा गेलो. माफी मागितली. ती हसली आणि मला खेकड्याचे कालवण वाढले. मी जेवलो. ताटावर बसलो असताना मनात एवढीच प्रार्थना होती, की जिने मला वाढले तिच्या हंडीत काय शिजते आहे ते बघण्याची जबाबदारी, प्रभू, माझ्यावर ठेव. आज तीच प्रार्थना तुमच्यापुढे ठेवतो. आमेन.