उत्तर बरोबर आहे, रीत कुठे आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू मुंबईत जाऊन नेमकं काय शिकलीस ते एकदा समजेल असं सांग." हे मला आजवर माझ्या आईलाही नीट सांगता आलेलं नाही. कोणी विचारलं की ती म्हणते, "पोरगी रिपोर्ट वाचते." खरं तर तेच उत्तर बरोबर आहे. विकास अध्ययनात एम.ए. करताना मी मुख्यतः वाचायला शिकले. गरिबी, शेती, कर्ज, पाणी यांवर विद्वानांनी लिहिलेलं कसं वाचायचं, ते.

त्याचा पहिला धडा मात्र मला याच शाळेत मिळाला होता. सहामाहीच्या पेपरात एका गणिताचं नुसतं उत्तर मी लिहिलं होतं. (ते कोणाचं पाहून लिहिलं, ती मैत्रीण इथेच बसली आहे.) सरांनी लाल शाईनं लिहिलं, "उत्तर बरोबर. रीत?" आणि पाचापैकी एक गुण दिला. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता.

मुंबईत पहिल्या वर्षी मी संशोधन-लेख पोथीसारखे वाचत होते. शेजारी शब्दकोश, हातात पेन्सिल आणि प्रत्येक ओळीखाली रेघ. छापलंय, तेही इंग्रजीत, म्हणजे खरंच असणार. वर्गात विचारलं, "तुमचं मत काय?" की मी लेखाचा शेवटचा परिच्छेद म्हणून दाखवायची. सरांनी काढलेली चूकच मी पुन्हा करत होते. उत्तर उतरवून घेत होते आणि रीत सोडून देत होते.

डोळे उघडले ते आपल्याच भागावरचे अहवाल वाचताना. शेतकरी आत्महत्यांचा विषय तुम्हाला मी वेगळा सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न गेल्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २००५ मध्ये अहवाल दिला. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या सृजित मिश्रा यांचा अभ्यास आला. त्यात वर्धा, यवतमाळ आणि आपला वाशिम हे जिल्हे होते. आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांची माहिती त्यांनी तपासली होती.

मी सवयीनं निष्कर्षाकडे धावले. आमच्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "आत्महत्या झालेल्या बहुतेक घरांत कर्ज होतं, एवढ्यावरून काय सिद्ध होतं? तुमच्या गावात कर्ज नसलेली घरं किती?" मी मनातल्या मनात मेडशीची एकेक गल्ली फिरून आले. बोटावर मोजण्याइतकीसुद्धा घरं सापडेनात. मग बाईंनी दाखवलं की त्या अभ्यासात आत्महत्या न झालेली घरंही तुलनेला घेतली होती, आणि म्हणूनच 'या घरांवर कर्जाचा बोजा जास्त होता' असं म्हणता आलं. वाचताना विचारायचा पहिला प्रश्न मला तिथे मिळाला : कशाशी तुलना केली?

दुसरा प्रश्न आकड्यांनी शिकवला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालात शेती करणाऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा होता ११,७७२. २०१४ च्या अहवालात 'शेतकरी' या रकान्यात होते ५,६५०. नुसते हे दोन आकडे पाहिले तर वाटेल, एका वर्षात संकट निम्म्यावर आलं. पण त्या वर्षी वर्गवारीच बदलली होती. शेतमजुरांचा रकाना वेगळा केला होता आणि त्यात ६,७१० जणांची नोंद होती. दोन्ही मिळून होतात १२,३६०. मग आत्महत्या कमी झाल्या की वाढल्या? रकाने बदलल्यावर सरळ तुलनाच करता येत नाही. हेच खरं उत्तर, आणि ते कुणालाच आवडत नाही. तेव्हा दुसरा प्रश्न : शब्द तोच आहे, पण त्याचा अर्थ तोच राहिला आहे का?

तिसरा प्रश्न मला कोणत्याही लेखानं शिकवला नाही. तो मेडशीतल्या एका काकूनं शिकवला. आज तो पहिल्यांदाच चारचौघांत सांगते आहे.

माझ्या प्रबंधासाठी मी आपल्याच भागात घरोघर फॉर्म भरून घेतले होते. त्यात एक प्रश्न होता : "बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज आहे का?" काकू म्हणाली, "नाही." मी खूण केली आणि पुढच्या घरी गेले. तक्त्यात ती 'कर्ज नाही' या रकान्यात गेली. प्रबंध जमा झाला, गुण चांगले पडले, तक्त्यांचं कौतुकही झालं. दिवाळीत घरी आले तेव्हा मोठ्या हौसेनं काकूला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग दर महिन्याले मी फेडून रायली ते काय हाय वं पोरी?"

भावाकडून घेतलेले पैसे होते, कृषी केंद्राची उधारी होती आणि एका माणसाचे शेकडा तीन रुपयांनी घेतलेले होते. ती खोटं बोलली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या एक लाखाच्या मदतीसाठी जे निकष होते, त्यांतही बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज धरलं जाई. हातउसने आणि बिनपरवाना सावकाराचे पैसे त्या हिशेबात नव्हते. त्या निकषांवर मी वर्गात तावातावानं बोलले होते. आणि माझ्याच फॉर्ममध्ये तेच भोक होतं. प्रबंध आजही ग्रंथालयाच्या कपाटात आहे आणि त्यात काकू आजही कर्जमुक्त आहे. उद्या कोणी माझा तक्ता आधाराला घेतला, तर ती चूक पुढे चालत राहील. म्हणून तिसरा प्रश्न : कोणाला विचारलं, काय विचारलं, आणि काय विचारायचं राहिलं?

एक सावधगिरी सांगते. हे शिकल्यावर काही दिवस मी सगळंच झटकून टाकायला लागले होते. "सगळे रिपोर्ट खोटे" असं पारावर म्हणतात ना, तसं. तोही आळसच. रीत तपासणं म्हणजे उत्तर चूक ठरवणं नव्हे. सरांनी माझं उत्तर कुठे खोडलं होतं? ते बरोबरच होतं. ते कशावर उभं आहे, एवढंच त्यांना पाहायचं होतं. जो लेख आपली रीत उघडी ठेवतो आणि आपल्या मर्यादा स्वतःच सांगतो, त्याच्यावर मी आता जास्त विश्वास ठेवते.

हे सगळं तुम्हाला कशाला? कारण आपण नेहमी कुणाच्या तरी तक्त्यात असतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होता. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यांतही वाशिम होता. आपल्या नावानं आकडे निघतात आणि त्यांवर निर्णय होतात. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर रोज कुठले तरी टक्के येतात, ते पुढे ढकलण्याआधी हे तीन प्रश्न विचारून पाहा. आणि उद्या एखादी पोरगी फॉर्म घेऊन दारात आली, तर तिला चहा द्या आणि तिनं न विचारलेलंही सांगा. तिला ते तेव्हा कळणार नाही, पण पुढे उपयोगी पडेल.

सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या पेपरातले चार गुण मी अजून विसरलेले नाही. आज रीत दाखवली आहे. तपासून पाहा.