रंगांची चाल

काचेंत शिरतांच प्रकाशांतील रंगांची चाल सारखी राहत नाहीं. तांबडा पुढें निघतो, जांभळा मागें रेंगाळतो. या प्रकारास अपस्करण म्हणतात. दुर्बिणींतील प्रतिमेला यामुळेंच रंगीत कडा येत. भिंगांचा हा दोष असाध्य आहे, असें न्यूटनसारख्याचें मत होतें; परंतु लंडनच्या जॉन डॉलंडनें १७५८ सालीं दोन जातींच्या काचा जोडून त्याचें निवारण करून दाखविलें. एकीचा दोष दुसरीनें फेडला.

आज तोच प्रश्न नखाएवढ्या चिपवर उभा आहे. तेथें दुसरें भिंग जोडावयास जागा कोठली? सिलिकॉन नायट्राइडच्या ज्या पट्टींतून अवरक्त प्रकाश धांवतो, तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. इतक्या अरुंद वाटेंत प्रकाश थोडासा पट्टीबाहेरही पसरतो. लहर जितकी लांब, तितका अधिक. म्हणून पट्टीची रुंदी व जाडी बदलली, कीं रंगांच्या चालीही बदलतात. द्रव्याचा दोष आकार फेडतो.

मात्र जाड थर स्वतःच्या ताणानेंच तडकतो; त्यासाठीं तळांत आधींच चर कोरून ठेवण्याची युक्ति योजतात. चालींना योग्य वळण मिळालें, म्हणजे अशा पट्टीच्या कड्यांत एका लेसरपासून समान अंतरावरील अनेक रंग उमटतात. सूक्ष्म कड्यांतील हा प्रकाशाचा कंगवा जर्मनींत २००७ सालीं सिद्ध झाला. त्याचा प्रत्येक दांता संदेशाची स्वतंत्र वाट होऊं शकतो.