लिनक्स आणि सामान्य माणूस



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबविली. विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. तेव्हा कुंभवली-बोईसरच्या घराघरांतून असलेले धडधाकट संगणक भंगारात काढावयाचे काय? हा प्रश्न आम्हां साऱ्यांच्या खिशाचा आहे.

यावर एक उत्तर लिनक्सचे आहे. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा रचला आणि पुढे तो सर्वांना मोकळा केला. 'पण ते आम्हांला जमेल का?' अशी शंका निघते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा आहे, आणि तो फोन तर आजीबाईही चालवितात! यावरून लिनक्सचे सर्वच अवतार सोपे ठरत नाहीत. पण अवघडपणा गाभ्यात नसून वरच्या मांडणीत आणि आपल्या सवयीत असतो, एवढे निश्चित ठरते.

मिंट किंवा उबुंटू घेतले, तर पत्र लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, चित्रपट पाहणे, बँकेचे संकेतस्थळ उघडणे ही कामे माउसच्या टिचकीने होतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. सी-डॅकने 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स काढले आहे, आणि मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात.

अडचणी झाकून ठेवणे बरे नव्हे. टॅली विंडोजसाठी रचलेली आहे. जिचा सारा व्यवहार तिच्यावर चालतो, त्या पेढीने घाई करू नये. श्रीलिपी वा कृतिदेवातील जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. एखादा छपाईयंत्राचा नमुना रुसूनही बसतो.

म्हणून आधी कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढावी. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे. त्याने आतील विंडोजला धक्का लागत नाही. छपाई, आवाज, वायफाय चालले, तरच पुढचे पाऊल टाकावे.

विंडोज आपल्याला सोपे वाटते, याचे निम्मे श्रेय अडल्यावेळी धावून येणाऱ्या शेजाऱ्याचे आहे. लिनक्स जाणणारी चारदोन मुलेमुली गावात तयार झाली, तर तेही तितकेच सोपे वाटेल. ती तयार करणे मात्र आपल्याच हातचे आहे.